रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छाती कशानं धडधडते?

पत्र

डॉक्टर ताई, आम्ही नागपुरात नंदनवनला राहतो. मिस्टर ३८ वर्षांचे, बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. दिवाळीनंतर एका रात्री ते झोपेतून दचकून उठले. ‘छातीत धडधड करून राहिली, श्वास नाही घेता येऊन राहिला, मी काही वाचत नाही आता,’ म्हणाले. घामानं बनियन ओली, हाताची बोटं बधिर. ऑटो करून कॅज्युअल्टीत नेलं, इसीजी नॉर्मल. त्यानंतर तीनदा तसंच झालं. टू-डी इको केला, ट्रेडमिलवर चालवून टेस्ट केली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ आता ते वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून गाडी नेत नाहीत, खालच्या रस्त्यानं जातात. वर मध्येच काही झालं तर थांबायचं कुठं, म्हणतात. ओळखीच्या औषधवाल्याकडून अल्प्राझोलम आणतात, रोज रात्री अर्धी गोळी घेतात. सासूबाई म्हणतात, नजर लागली बाप्पा, एका बाबाकडे नेऊ. दीर म्हणतात, नाटकं आहेत. मी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तर हे भडकले, ‘मला काय पागलखान्यात टाकतेस?’ हा आजार शरीराचा आहे की मनाचा? गोळ्या सुरू केल्या तर जन्मभर सुटत नाहीत असं ऐकते. कंपनीत कळलं तर नोकरीचं काय? आता मलाही झोप नाही. सहा वर्षांची मुलगी विचारते, बाबांना काय झालं?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर

ताई,

‘काही नाही’ म्हणणारे डॉक्टर खोटं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. हृदयात काही नाही, एवढं खरं. पण माणूस मध्यरात्री घामानं निथळत उठतो, आपण आता मरणार अशी त्याची खात्री होते, आणि पुढे महिनोन्महिने तो एक पूल टाळत फिरतो, याला ‘काही नाही’ कसं म्हणायचं? पत्रावरून निदान करू नये, ते समोर बसवून तपासणाऱ्यानंच करावं. तरी तुम्ही लिहिलेलं सगळं पॅनिक डिसऑर्डर या आजाराशी जुळतं. नीट उपचार घेतले तर यातली बहुतेक माणसं चांगली सावरतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असलेलं बरं.

पॅनिकचा झटका अचानक येतो आणि काही मिनिटांतच शिगेला पोचतो. धडधड, घाम, कापरं, श्वास अपुरा पडणं, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, मुंग्या, आजूबाजूचं सगळं परकं वाटणं, आणि या सगळ्यावर मरणाची किंवा वेड लागण्याची भीती. असे झटके पुन्हापुन्हा, काही कारण नसताना यायला लागले आणि ‘परत आला तर?’ या धास्तीनं महिनाभराहून जास्त काळ माणसाचं वागणंच बदललं, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. तुमच्या पत्रातला उड्डाणपूल मला म्हणूनच महत्त्वाचा वाटला. झटके चारच आले असतील, पण आजार रोज सकाळी पुलाखालून कामावर जातोय.

‘झोपेत कुठलं टेन्शन होतं?’ असा प्रश्न त्यांनी तुम्हाला नक्की विचारला असणार. झोपेतूनही हा झटका येतो, आणि तो वाईट स्वप्नामुळे येतो असंही नाही. स्वप्नं नसलेल्या झोपेत, झोप गाढ होत असतानाच तो बहुधा येतो. म्हणून तर माणूस आणखी घाबरतो, कारण बोट ठेवायला काही कारणच सापडत नाही.

शरीरात घडतं ते असं. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की तो अॅड्रेनालिन सोडायला लावतो. हृदय जोरात पळतं, श्वास भरभर चालतो, घाम सुटतो. समोर साप असता तर हे सगळं कामाचं होतं. पॅनिकमध्ये साप नसतो. पार्किंगमधल्या गाडीवरून मांजर गेलं तरी तिचा अलार्म सगळी सोसायटी जागी करतो, तसा तो प्रकार. अलार्म बिघडलेला नसतो, फाजील हळवा झालेला असतो. पुढची गंमत श्वासाची. भीतीनं माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. त्यानं बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, हात आखडतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून गरगरतं. आणि श्वास जास्त होत असूनही कमी पडतोय असंच वाटत राहतं. आता अशा वेळी बधिर डावा हात बघून ३८ वर्षांचा माणूस काय समजेल? अॅटॅक. त्या विचारानं अॅड्रेनालिनचा दुसरा लोट येतो. धडधडीतून भीती आणि भीतीतून धडधड, असं ते चक्र फिरत राहतं.

म्हणजे धडधड खरी, घाम खरा, मुंग्या खऱ्या. नाटकात बोटं बधिर करून दाखवता येत नाहीत, एवढं दिरांना सांगा आणि तो विषय सोडून द्या.

हा आजार आजकालच्या धकाधकीनं काढला असंही समजू नका. जेकब दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८७१ मध्येच त्यांच्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलंय: छातीत दुखतं, हृदय धडधडतं, दम लागतो, आणि तपासावं तर हृदयात दोष नाही. शंभराच्या वर वर्षं हे दुखणं कधी हृदयाच्या खात्यात तर कधी मनाच्या खात्यात टोलवलं गेलं. १९६० च्या दशकात डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाला दिसलं, की इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधानं असे झटके थांबतात. १९८० साली पॅनिक डिसऑर्डरला अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा मिळाली. तुमच्या मिस्टरांना सैनिकांची गोष्ट जरूर सांगा. पुरुषांना ती पटते, असा माझा अनुभव आहे.

तर शरीराचा की मनाचा? दोन्हीचा, आणि ही पळवाट नाही. शरीराचे कितीतरी आजार मनाचं रूप घेऊन येतात. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, हाताला कंप, चिडचिड, वजन उतरणं, झोप उडणं असं सगळं होतं आणि माणूस ‘टेन्शनमध्ये’ दिसतो. तेच थायरॉइड मंदावलं तर थकवा, जाडी, उदासी येते, आणि घरचे म्हणतात, आळशी झाला. बी-१२ कमी असेल तर हातापायांना मुंग्या येतात आणि मनही खचतं. शुद्ध शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता बरीच दिसते. रक्त कमी असलं की हृदय पळतं, दम लागतो. आपण विदर्भातले लोक, त्यामुळे घरात कोणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं. उलट बाजूनं, मधुमेह किंवा हृदयविकार झालेल्यांना नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आणि नैराश्य आलं की औषधं चुकतात, साखर बिघडते. आपण दोन खाती करून ठेवली म्हणून शरीर ती पाळत नाही.

आणि इथेच मला तुमच्या फाइलमध्ये एक भोक दिसतं. तीनही तपासण्या हृदयाच्याच झाल्या. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ यांचा पत्रात उल्लेख नाही. झाल्या नसतील तर एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना विचारून करून घ्या. त्यांना आणखी दोन गोष्टी सांगा. एक, धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते आणि तशीच एकदम बंद होते का? कारण हृदयाच्या ठोक्यांचा एक प्रकारचा बिघाड हुबेहूब पॅनिकसारखा दिसतो, आणि झटका ओसरल्यावर काढलेल्या इसीजीत तो सापडत नाही. तशी शंका आली तर डॉक्टर होल्टर लावून २४ तासांची नोंद घेतील. दोन, ते घोरतात का, झोपेत श्वास अडकून उठतात का, दिवसा पेंगतात का? स्लीप अॅप्निया असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी नागपुरातच प्रॅक्टिस केली आहे, त्यामुळे विचारते: खर्रा, म्हणजे ते तंबाखू-सुपारीचं मिश्रण, किती? तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं आणि सुपारी तोंडाचं वाटोळं करते, तोंड उघडेनासं होतं ते निराळंच. नाइट शिफ्टला जागं राहायला पाच-सहा चहा, वर खर्रा, आणि सुटीच्या आदल्या रात्री सावजी रस्सा व दोन पेग, हा कार्यक्रम असेल तर अर्धी धडधड तिथंच तयार होते. दारू उतरताना, म्हणजे पहाटेच्या सुमाराला, घबराट वाढते. तर्रीदार रश्श्यानंतर आडवं झालं की आम्ल वर येऊन छाती जळते, आणि अॅटॅकच्या धास्तीतला माणूस ती जळजळ भलतीच समजतो. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात दिवसभर प्लांटवर पाणी कमी प्यायलं तरी उभं राहताना गरगरतं आणि ठोके वाढतात. हे सगळं बंद करा असं एका दमात सांगितलं तर ते काहीच करणार नाहीत. आधी दुपारनंतरचा चहा कमी करा. खर्रा सोडवायला वेगळी मदत लागते, ती ओपीडीत मागा.

आता सावधगिरीचं. पॅनिक आहे असं ठरलं म्हणून पुढची प्रत्येक छातीदुखी पॅनिकच्या नावावर टाकायची नाही. चालताना, जिना चढताना छातीवर दाब येणं आणि थांबल्यावर जाणं, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, पंधरा-वीस मिनिटांनीही न ओसरणारा दाब, थंडगार घाम, शुद्ध हरपणं, यातलं काही झालं तर १०८ ला फोन करायचा, विचार करत बसायचं नाही. मधुमेहींना आणि बायकांना अॅटॅक अनेकदा असा ठळक येत नाही. नुसती मळमळ, दम किंवा विलक्षण थकवा एवढ्यावरही येऊन जातो. हे मिस्टरांसाठी जेवढं लिहितेय तेवढंच सासूबाईंसाठी.

गोळ्यांचं बोलू. तुम्हाला जन्मभराच्या सवयीची भीती वाटते, आणि सवय लावणारी गोळी मात्र ते आजच, चिठ्ठीशिवाय, रोज घेताहेत. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून आवडतात. पण काही आठवड्यांच्या रोजच्या वापरानं शरीराला त्यांची सवय होऊ लागते, डोस वाढवावा लागतो, गाडी चालवताना प्रतिक्रिया मंदावते, दारूसोबत तर त्या धोकादायकच. अल्प्राझोलम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. दुकानदारानं ते चिठ्ठीवरच द्यायचं आणि वेगळ्या वहीत नोंदवायचं असतं. तुमचा ओळखीचा औषधवाला उपकार करत नाही. तरीही हे वाचून आज रात्री गोळी एकदम बंद करू नका. रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर घबराट दुप्पट होऊन उसळते, क्वचित फिटसुद्धा येते. ती डॉक्टरांच्या हातानं, हळूहळू उतरवायची.

पॅनिकवरचं मुख्य औषध वेगळंच असतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी, ज्यांना आम्ही एसएसआरआय म्हणतो. यांची तशी लत लागत नाही, नशा येत नाही. पण यांचा स्वभाव आधी समजून घ्या, नाहीतर दहाव्या दिवशी तुम्ही ती नाल्यात फेकाल. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, कधी उलट जास्तच बेचैनी होते. म्हणून डॉक्टर अगदी लहान डोसपासून सुरू करतात, आणि सुरुवातीचे काही दिवस सोबतीला ती झटपट गोळीही देऊ शकतात. काही पुरुषांना यांच्यामुळे शारीरिक संबंधात अडचण येते, विशेषतः वीर्यपतनाला उशीर. लाजेनं ते कोणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, डोस किंवा औषध बदलता येतं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडलं तर गरगरणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं असले त्रास होतात. त्यालाच लोक ‘सवय लागली’ म्हणतात.

गोळीइतकाच गुण असलेला दुसरा उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी. ‘मन मोकळं करा’ छापाच्या गप्पा नसतात त्यात, गृहपाठ असतो. झटका आला की तारीख, वेळ, काय वाटलं, काय विचार आला, किती मिनिटांत ओसरला, हे लिहायचं. मग थेरपिस्ट मुद्दाम ती लक्षणं जागी करतात. मिनिटभर भरभर श्वास घ्यायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात, जिना चढवतात. मुंग्या येतात, धडधडतं, आणि माणूस मरत नाही, हे शरीराला पुन्हापुन्हा दाखवलं जातं. (हृदयाच्या तपासण्या झालेल्या आहेत म्हणूनच हे करायचं, घरी आपल्या मनानं नव्हे.) त्यानंतर पूल. रविवारी सकाळी रिकामा असताना तुमच्या मागं बसून, मग त्यांनी चालवत तुम्ही मागं, मग एकट्यानं, मग शिफ्टच्या गर्दीत. धास्ती चढते, टिकते आणि पुलावरच ओसरते, हे त्यांच्या अंगाला कळलं पाहिजे. मधूनच उतरून आले तर धास्ती आणखी पक्की होते. म्हणून पायरी लहान घ्यावी, पण घेतलेली पूर्ण करावी. बारा-पंधरा भेटींचं हे काम असतं. गोळी घ्यायची, थेरपी करायची की दोन्ही, ते आजार किती पसरलाय आणि थेरपिस्ट जवळ मिळतो का यावर ठरतं. नुसती गोळी घेतली आणि पूल टाळतच राहिले, तर गोळी सुटल्यावर झटके परतण्याची भीती राहते.

घरात तुम्ही काय करायचं? झटका आला की पुढचं वाक्य ठरवून ठेवा: ‘हे आलंय, मागंही आलं होतं, दहा-पंधरा मिनिटांत जाईल, मी इथंच आहे.’ एवढंच, हळू आवाजात. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, तुम्ही करून दाखवा, ते आपोआप धरतील. प्लॅस्टिकची किंवा कागदाची पिशवी तोंडाला लावायची जुनी युक्ती मात्र करू नका. दमा किंवा खरा अॅटॅक असेल तर ती जिवावर बेतू शकते. ‘काही झालं नाही, उगाच घाबरता’ हेही नको.

याहून अवघड काम झटका नसतानाचं आहे. माझा अंदाज असा की ते दिवसातून दहा वेळा नाडी बघतात, घरात बीपीचं मशीन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आलेला आहे, खिशात गोळीची पट्टी आणि हातात पाण्याची बाटली असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि ‘मला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न तुम्हाला रोज येतो. तुम्ही प्रेमानं ‘नाही होणार’ म्हणता. त्यानं दहा मिनिटं बरं वाटतं, अकराव्या मिनिटाला पुन्हा प्रश्न. प्रत्येक खात्री धास्तीचं खाद्य होते. त्यांना शांत वेळी विश्वासात घेऊन सांगा, की आता याचं उत्तर दिवसातून एकदाच मिळेल, नंतर विचारलं तर तुम्ही ‘हा आजार बोलतोय’ म्हणाल आणि दुसरा विषय काढाल. बीपीचं मशीन कपाटात ठेवा. तुम्हाला हे पहिले काही दिवस निर्दयपणाचं वाटेल.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांचा मुलगा रात्री मरणाच्या भीतीनं ओरडतो, त्यांनाही काहीतरी करायचंय. अंगारा लावला, मीठ-मोहरी ओवाळली, तर कोणाचं काही बिघडत नाही. बाबानं ‘गोळ्या बंद करा’ म्हटलं की तिथून उठायचं, एवढी एकच अट घाला. भूत उतरवायच्या नावाखाली कोणी मारहाण केली, बांधून ठेवलं, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

आता ‘पागलखाना’. छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाचं नाव बसमध्ये बसून ऐकत आपण सगळे मोठे झालो, त्यामुळे ती भीती मला समजते. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. तिथंही ओपीडी चालते, लोक औषध घेऊन घरी जातात. पण तुम्हाला तिकडे जायचीही गरज नाही. नंदनवनहून मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, किती लांब? मेडिकलला मानसोपचार विभाग आहे, मेयो या दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलला आहे, आणि मिस्टर रोज ज्या वर्धा रोडनं बुटीबोरीला जातात त्याच्या बाजूला मिहानमध्ये एम्स आहे, तिथंही आहे. खासगी मानसोपचारतज्ज्ञ रामदासपेठ-धंतोलीत भरपूर आहेत. पॅनिकसाठी सहसा कोणाला भरती करत नाहीत. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणाऱ्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करून घेता येत नाही. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केलं तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यांच्या प्लांटवर दोनशे माणसं असतील तर बाकीचे वीस जण कोण, हे त्यांनी मनात मोजून बघावं. आधी कोणासमोर बसायलाच नको असेल तर टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. रात्री तीनला तुम्हीही तिथं फोन करू शकता. आणि ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असलं काही ते बोलले तर ते बोलण्याच्या ओघात आलंय असं समजू नका. स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

कंपनीचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवेच्या त्याच कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर आणि हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, ती कंपनीला कोणी परस्पर कळवत नाही. रजेच्या अर्जाला काय लिहून द्यायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. मेडिक्लेम असेल तर विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो, तेवढं तपासा. ईएसआय असेल तर त्यांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन पुढं जाता येतं. रात्रपाळी-दिवसपाळी दर आठवड्याला उलटसुलट होत असेल तर काही महिने एकच पाळी मिळते का, हे मात्र विचारावं, आणि त्यासाठी ‘झोपेचा त्रास आहे, उपचार चालू आहेत’ एवढं कारण पुरतं.

मुलीला खरं आणि लहान सांगा. ‘बाबांचं हृदय कधीकधी उगाच जोरात पळतं, तेव्हा ते घाबरतात, डॉक्टर औषध देताहेत, तुझ्यामुळे झालेलं नाही.’ शेवटचा तुकडा गाळू नका, मुलं तेच धरून बसतात. तुमच्या झोपेचं म्हणाल तर आठवड्यातून दोन रात्री जागं राहायची पाळी दिरांना द्या. नाटक जवळून बघायला मिळेल त्यांना. तरीही दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, भूक गेली, सारखं रडू येत राहिलं, तर त्याच ओपीडीत स्वतःच्या नावाचीही चिठ्ठी काढा.

मेडिकलला जायचं ठरलं तर सकाळी लवकर जा, गर्दी असते आणि डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो. इसीजी, इको, ट्रेडमिलचे कागद तारखेप्रमाणे लावा. अल्प्राझोलमची रिकामी पट्टी सोबत घ्या, म्हणजे डोस किती ते कळेल. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: पहिला झटका कधी, एकूण किती, काय काय टाळतात, घरात थायरॉइड, मधुमेह, हृदयविकार किंवा असाच त्रास कोणाला आहे का. पाचवी ओळ खर्रा, चहा आणि दारूची. ती तुम्ही लिहा, त्यांना सांगितलं तर ते निम्माच आकडा टाकतील.